चिंच्यावरची काजळी

भात कापून झालं, की आमच्या चिंच्याची पानं काळी पडतात. यंदाही पडली. सकाळी ओट्यावर पेजेचा वाडगा घेऊन बसलो होतो, तर एक पान गरगरत आलं आणि वाडग्याच्या काठावर टेकलं. हिरव्यावर काळे गोल ठिपके. कोणी बोट काजळात बुडवून जागोजाग उठवावं तसे. सून अंगण लोटत होती. लग्न होऊन तिला अजून वर्ष झालेलं नाही, आमच्याकडची थंडी ती पहिल्यांदाच बघते आहे. पान बघून ती म्हणाली, "मामंजी, झाडाला काय झालं हो? मरत तर नाय ना?"

"मरायचं असतं तर केवाच मेलं असतं. तू आपला केर काढ," मी म्हटलं.

तिने केर काढला, पण मान वर करून करून झाडाकडे बघत होती. तिच्या त्या बघण्याने मला ते साल आठवलं, आणि एकदा आठवलं म्हणजे मला लिहिल्याशिवाय चैन पडत नाही. मी पंतोजींच्या शाळेत बाराखडी पुरी होईस्तोवर गेलो. पुढे पंतोजी गाव सोडून गेले आणि माझी शाळा सुटली. पण अक्षर माझं मोत्यासारखं आहे, हे गावात कोणालाही विचारा. मी बोलतो तसं लिहितो. ज्याला याहून शुद्ध हवं असेल त्याने कल्याणात जाऊन एखाद्या शास्त्रीबुवांना गाठावं.

चिंच्या म्हणजे आमचा अंगणातला आंबा. आमच्याकडे प्रत्येक आंब्याला नाव असतं. बंधाऱ्यावरचा तो खोबऱ्या, कारण त्याची फोड दाताखाली ओल्या खोबऱ्यासारखी लागते. विहिरीवरचा शेंदऱ्या, पिकला की शेंदूर फासलेला देव दिसतो. आणि हा चिंच्या. याचं फळ पाडाला लागो, पिको, सडो, आंबट ते आंबटच. पाखरूसुद्धा याला एकदा चोच मारून पुन्हा येत नाही. पण याच्या कैऱ्या चिरून, मीठ लावून, उन्हात खडखडीत वाळवल्या की जी आंबोशी होते, तिचे दोन तुकडे खाडीच्या मासळीच्या कालवणात पडले तर माणूस ताट चाटतो. माझी बायको चांगुणा हिची आंबोशी पार ठाण्यापर्यंत पाहुण्यांच्या फडक्यात बांधून जायची. ती आता नाही. आंबोशी अजून जाते, सून शिकली आहे.

आमचं गाव ठाकुर्लीच्या बाजूला, रुळांना लागून. मी लहान असताना इथे रूळ नव्हते. मग ते आले, मग आगगाडी आली, आणि तिच्याबरोबर धूर आला. भातकापणीच्या दिवसांत पहाटे खाडीवरून धुकं सरकत येतं, त्यात इंजिनाचा धूर मिसळला की वर जातच नाही. शेतावर लोळत राहतो, ओल्या पेंढ्याच्या वासात कोळशाचा वास. धोतर वाळत घातलं तर त्यावर काळी कणी. दुधावर कणी. म्हाताऱ्यांच्या मिशांवर कणी. मला तो वास कधी वाईट वाटला नाही. अजूनही नाही. त्या वासाने मला आधी कोयत्याची खरखर ऐकू येते, मग मळणीचे बैल दिसतात, आणि मग दादाचा आवाज.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ जोमा. आमचं घर एक, शेत एक, चुली मात्र दोन, कारण दादाची आणि माझी दोघांचीही मान सरळ. मान वाकवायची कोणी हा प्रश्न बापाच्या वेळेपासून सुटलेला नव्हता. पण घरातलं थोरलेपण त्याचं होतं, म्हणून शब्द त्याचा चाले.

त्या साली चिंच्या काळा पडला तो फारच काळा पडला. रुळाकडच्या बाजूच्या फांद्या तर कोळशाच्या वखारीत वाढल्यासारख्या. त्याच्या आदल्या साली दादाचा वाल बुडाला होता. पानांवर डाग आले, शेंगा भरल्या नाहीत, रोपं जागीच वाळली. आमच्याकडे भात निघालं की त्याच ओलीवर वाल पेरतात. चिंच्याची सावली त्या शेतावर पडते. दादाने दोन्ही गोष्टींची गाठ मारली आणि खळ्यावर चार माणसांसमोर सांगून टाकलं, "हा रोग वरनं खाली गळतो. वाल पेरायच्या आदी झाड पाडायचं."

मी म्हटलं, "रोग कसला? धूर हाय तो इंजिनाचा. धुरानं कुनाचा वाल मेला?"

"धूर? मंग तुजं तोंड का नाय काळं झालं?"

"तुजं झालंय, आरसा बग."

खळ्यावर हशा पिकला. त्या हशाने गोष्ट आणखी बिघडली. आता दादाला झाड पाडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि मला ते धुराचंच आहे असं म्हणत राहण्याशिवाय. धूर असेल तर झाड निरोगी, आणि निरोगी झाड कोण पाडतं? माझी सगळी भिस्त त्या धुरावर होती. मी गावभर सांगत सुटलो. रुळावर काम करणाऱ्या मुकादमालाही विचारून आलो की तुमचा धूर किती लांब जातो. तो म्हणाला, वारा नेईल तितका. मला तेवढं पुरलं.

चांगुणाची तऱ्हा निराळी. जेठाशी बाईने थेट बोलायची रीत नाही. म्हणून दादा ओट्यावर बसला की ती आत मडक्याशी बोलायची, पण मोठ्याने. "बाई ग मडक्या, आता तुज्यात काय भरू? पुढल्या साली कालवनात आंबोशी नाय, मंग काय घालू? लोकांचे वाल घालू?" दादा खाकरायचा. मडकं गप्प.

अशात बस्त्याव मास्तर आले.

ते ठाण्याचे किरिस्ताव. वाडवडिलांची खाडीकाठी भातशेती, स्वतः पोरांना शिकवत. रविवार गाठून, नाहीतर सुटी पडली की, ते आगगाडीने कल्याणला उतरत आणि रुळाकाठाने मागे ठाण्याच्या दिशेला चालत येत, वाटेतली पानं खुडत. तीही चांगली पानं सोडून. डागाळलेलं, पिवळं, फोड आलेलं, काळं पडलेलं, असलंच पान घ्यायचे, दोन कागदांच्या मध्ये जपून ठेवायचे, जशी काय सोन्याची पत्री. आमच्या गावात आधी ते भगत आहेत अशी बोलवा झाली. मग वेडे आहेत अशी. मुंबईत कोणी म्हातारा डॉक्टर आहे, त्याला झाडांवरच्या बुरशांचा नाद आहे आणि त्याच्यासाठी आपण हे गोळा करतो, असं त्यांनी सांगितल्यावर मात्र गाव म्हणालं, म्हणजे वेडे दोन आहेत.

चिंच्या बघून ते जागीच थांबले. लहान मूल जत्रेत थांबतं तसे.

"कोणाचं हे झाड?"

"माजं," मी म्हटलं.

"आमचं," दादा मागून म्हणाला, "आनि आठ-पंधरा दिसांचं."

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. माझा धूर ऐकला, दादाचा रोग ऐकला. मग एक पान खुडून चांगुणाला म्हणाले, "बाई, जरा ओलं फडकं द्या." फडक्याने पान पुसलं. फडकं काळं झालं. मी दादाकडे बघितलं. असं बघितलं, की त्याने मान फिरवली.

"आता परत पुसा," असं म्हणून मास्तरांनी पान माझ्याच हातात दिलं. मी पुसलं. वरची कणी निघून गेली होती. खालचे गोल ठिपके होते तिथेच होते. घासलं, नखाने खरवडलं, थुंकी लावून पुसलं. पान फाटलं, ठिपका हलला नाही.

"धूर आहेच," मास्तर म्हणाले. "पण धुराच्या खाली दुसरं कोणी राहतंय. ही जिवंत आहे. बुरशी."

चांगुणाला राग आला. तिच्या घरात बुरशी म्हणजे लोणच्यावर येते ती, आणि तिच्या लोणच्यावर ती कधी आली नव्हती. "आमच्या दारात बुरशी नाय," ती मडक्याला म्हणाली.

मास्तरांकडे एक पितळी नळी होती, खालून आरसा लावलेली. डॉक्टरने वापरायला दिलेली. तिच्याखाली त्यांनी ठिपका धरला आणि मला डोळा लावायला सांगितलं. आधी मला माझीच पापणी दिसली. मग एकदम उघडलं. काळ्या दोऱ्यांचं जाळं, कोळ्याने सवडीने विणावं तसं. जाळ्यात गोल काळे मणी. आणि मण्यांच्या आजूबाजूला ताठ उभी कुसळं, थेट भाताच्या कुसळांसारखी. एवढ्याशा ठिपक्यात हे सगळं. कोणाला न विचारता, घरं बांधून राहिलेलं. माझ्या झाडावर! मला राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, मी नळी सोडायला तयार नव्हतो. शेवटी दादाने खांद्याला धरून ओढलं आणि स्वतः डोळा लावला. बराच वेळ तो वाकून राहिला. उठला तेव्हा त्याचा चेहरा आनंदी होता.

"म्हंजे रोगच," तो म्हणाला. "मी काय म्हनत होतो?"

माझा धूर गेला. म्हणजे अर्धा गेला. पण अर्ध्या धुराने झाड वाचत नव्हतं.

त्या दिवशी मास्तर ओट्यावरच जेवले. किरिस्तावांना आत घ्यायची रीत तेव्हा नव्हती, त्यांनीही तसं काही मनात आणलं नाही. केळीच्या पानावर भात, बोंबलाचं कालवण, त्यात चिंच्याची आंबोशी. पहिला घास खाऊन त्यांनी डोळे मिटले. "आमची आई हेच घालते," म्हणाले. "अशीच." मग हळूच मला म्हणाले, "झाड वाचवायचं असेल तर एक गोष्ट बघावी लागेल. ही बुरशी आंब्यावरून दुसऱ्या कशावर जाते का? माझ्या बघण्यात तरी नाही गेली. आंब्याची ती आंब्याची, करंजाची ती करंजाची. पण तुमचा भाऊ माझा शब्द थोडाच मानणार?"

"त्यानं माज्या बापाचा शब्द नाय मानला," मी म्हटलं.

मला त्यांचं ते म्हणणं एकदम समजलं. आमच्या आंब्यांना जशी नावं, तशी यांच्या ठिपक्यांना नावं. खोबऱ्याच्या फांदीला शेंदऱ्या लागत नाही. फक्त ते नावं ठेवायला नळीतून बघतात आणि आम्ही चाखून.

पण आतला हट्ट सुटत नव्हता. मी म्हटलं, "मास्तर, जिथं रूळ नाय, धूर नाय, तिथं ही तुमची बुरशी असंल तर मानीन." त्यांना तेच हवं होतं. ही कुठे कुठे राहते आणि कुठे राहत नाही, हे बघायचा त्यांना ध्यासच होता. पुढच्या रविवारी आम्ही दोघं मलंगगडाच्या पायथ्याकडे निघालो.

ती वाट मी आधी पुष्कळदा चाललो होतो, बैल बघायला, लग्नाला. पण त्या दिवशी जशी दिसली तशी कधी दिसली नव्हती. मास्तर दर चार पावलांना थांबायचे. सागाचं पान उलटं करायचे, तर खाली हळदीची पूड सांडल्यासारखं पिवळं. बोट लावलं की बोटाला. करंजावर निराळे डाग, कुड्यावर निराळे. प्रत्येकाचं घर ठरलेलं. उन्हं कोवळी होती, कापलेल्या शेतांतून पाणी अजून चकाकत होतं, धसकटांत बगळे. मी चांगलं पान बघायचं विसरूनच गेलो. आजही चालताना माझी नजर आधी डागाळलेल्या पानावर जाते. माणसांचंही तसंच झालंय म्हणा, पण तो वयाचा गुण.

वाटेत मी विचारलं, "घाटावर असती का ही?"

"तिकडच्या कोरड्या हवेत कमी म्हणतात. मी पाहिलेली नाही. दमट हवा आणि सावली लागते तिला."

हे ऐकून मला उगीच बरं वाटलं. मलाही घाट चढलेला मानवत नाही. एकदा जुन्नराकडे गेलो होतो, तर ओठ फुटले आणि भाकरी घशाखाली उतरेना. खारा वारा, भात, ओल. आमचंही त्याच हद्दीतलं जगणं.

गडाच्या पायथ्याशी एका घराच्या परसात आंबा होता. तिथून रूळ कुठच्या कुठे राहिले होते. तिथे कोळशाचा वास नाही, शिट्टीचा आवाज नाही. मी पुढे झालो. लांबून झाड हिरवं दिसत होतं, आणि मी मनात म्हटलं, जिंकलो. जवळ गेलो. आतल्या फांद्यांवर, सावलीत, पानापानावर काळे गोल ठिपके. फडक्याने पुसलं. फडकं स्वच्छ, ठिपके तिथेच.

मी त्या झाडाखाली बसलो. मास्तरांनी दोन पानं खुडून कागदात ठेवली. घरची म्हातारी बाहेर आली. तिने आम्हाला पाणी दिलं आणि विचारलं, "कुनी वारलं का?"

"माजा धूर वारला," मी म्हटलं.

ती म्हातारी बिचारी काय समजली कोण जाणे. पण मान वर केली तेव्हा मला दिसलं. त्या आंब्याच्या खोडावरून वालाचा वेल चढलेला होता. म्हातारीने पावसात लावलेला. काळ्या पानांच्या अंगाला अंग लावून, काळ्या फांदीला विळखे घालून, वर पार शेंड्यापर्यंत. जांभळी फुलं, लोंबणाऱ्या शेंगा, आणि वालाच्या एका पानावर काळा ठिपका असेल तर शपथ. आंब्याचं पान आणि वालाचं पान एकमेकांवर टेकलेलं. मास्तर आणि मी एकमेकांकडे बघून असे हसायला लागलो की म्हातारीने पाण्याचा तांब्या उचलून आत नेला.

तिला विचारून मी एक फांदी कापली, वेल तसाच गुंडाळलेला ठेवून. सबंध वाट खांद्यावर आणली. लोक विचारत होते, नवरदेव कुठं चालला?

दादा खळ्यावर होता. मी फांदी त्याच्यापुढे ठेवली. त्याने बघितलं, खाली बसला, ओला अंगठा आंब्याच्या पानावर घासला. मग वालाचं पान उलटसुलट केलं. शेंग सोलली. दाणा दाताखाली धरला.

"कुठला?"

"मलंगगडाच्या पायथ्याचा. तिथं धूर नाय," मी म्हटलं. माझ्या तोंडून तेवढं निघालं हेच माझ्या मानेला फार झालं.

"मंग माजा वाल कशानं मेला?"

मास्तर घरामागे गेले. तिथे वहिनीचा वालाचा वेल होता, चिंच्यापासून लांब, घराच्या आडोशाला. त्याचं एक पान घेऊन आले. मागून बारीक तांबूस फोड, बोट फिरवलं की गंजासारखी पूड. "हा वालाचा आपला तांबेरा. याला आंबा लागत नाही. हा आंब्यावर चढत नाही आणि ती काळी याच्यावर उतरत नाही. तुमच्या शेतात हाच आला असेल. बियाणं बदला, जागा बदलून पेरा, बघा काय होतं. मी पैज मारत नाही."

दादा पूड लागलेल्या बोटाकडे बघत राहिला. "म्हंजे आमच्या घरातलाच," तो म्हणाला. आतून वहिनीचा आवाज आला, "माज्या वेलाला काय बोलू नका!" आणि आमच्या बाजूने चांगुणा मडक्याला म्हणाली, "ऐकलंस का रं?"

दादा एवढ्यावर 'बरं' म्हणाला असेल असं कोणाला वाटत असेल, तर त्याने आमचं घर पाहिलेलं नाही. तो उठून गेला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मी चिंच्याखालून हललो नाही. जेवण तिथे, झोप तिथे. कुऱ्हाडीची धार लावल्याचा आवाज येतोय का, कान सगळा तिकडे.

तिसऱ्या दिवशी उजाडताच दादा पेंढ्याचे भारे घेऊन आला. एकटाच. चिंच्याच्या बुंध्याशी पहिला भारा टाकला, मग दुसरा, मग गोल फिरत फिरत थर. तो उडवी रचत होता. दर साली पेंढ्याची उडवी खळ्यामागे रचायचो. आमच्याकडे ज्या झाडाभोवती उडवी रचली ते झाड पावसाळ्यापर्यंत कोणी पाडत नाही. पाडणार कसं? गुरांचा सगळा चारा खाली असतो.

"काय बघतस?" तो मला म्हणाला. "वर चढ. भारा घे."

मी चढलो. वरून मला त्याचं डोकं दिसत होतं, पेंढ्याच्या काड्यांनी भरलेलं. त्याने एकदाही वर बघितलं नाही. एक गाडी शिट्टी देत गेली. धूर आला, आम्हा दोघांवर सारखाच बसला.

मास्तरांनी चिंच्याची पानं कागदात ठेवून नेली. खाली गावाचं नाव लिहिलं, कल्याणचं लिहिलं, आंबा लिहिलं. ती मुंबईला गेली, तिथून कदाचित विलायतेला. कुठल्यातरी कपाटात आमच्या अंगणातलं पान असेल, ठिपक्यांसकट. त्या ठिपक्याचं जे काही लांबलचक नाव असेल ते मला येत नाही आणि मला त्याची गरजही नाही. चिंच्या हे नाव मला येतं.

त्या साली दादाने दुसऱ्या तुकड्यात नव्या बियाण्याचा वाल पेरला. बरा झाला. फार नाही, बरा. पण त्याने उडवीची जागा पुन्हा बदलली नाही. पुढल्या साली तिथेच, त्याच्या पुढल्या साली तिथेच. कोणी विचारलं तर म्हणायचा, इथं वारा लागत नाय. खरं तर तिथे सगळ्यात जास्त वारा लागतो.

दादा गेला त्याला बरीच वर्षं झाली. काल त्याचे मुलगे पेंढा घेऊन आले, बायकापोरं असलेले बाप्ये. येऊन सरळ चिंच्याच्या बुंध्याशी भारे टाकायला लागले. मी मुद्दाम विचारलं, "काय रं, खळ्यामागं जागा मोकळी हाय की."

थोरला म्हणाला, "काका, बाबानं सांगितलंय. कायबी झालं तरी उडवी हितंच."

"का?"

"का ते नाय सांगितलं."

मी ओट्यावर बसून राहिलो. रचून झाल्यावर त्यांना चांगली चूक दाखवली, की थर तिरका गेला. गेला नव्हता.

हे सगळं लिहीपर्यंत ऊन अंगणात आलं आहे. मघाशी कल्याणकडची गाडी गेली आणि धूर चिंच्याच्या फांद्यांत थोडा अडकला. सून अजून झाडाखालीच आहे. केर कधीचा काढून झाला. एक पान घेऊन तिने ओल्या पदराने पुसलं आणि काळं झालेलं टोक मला दाखवलं. "मामंजी, धूर हाय हो हा. इंजिनाचा. उगाच घाबरले मी."

इतक्या वर्षांनी कोणीतरी माझ्या बाजूचं बोललं. मी लेखणी खाली ठेवली.

"आता परत पूस," मी म्हटलं.